इन्सुलिन देणारा घरातला दुसरा माणूस

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या घरी पहिल्यांदा गेले की मी एक प्रश्न हमखास विचारते: आई चार दिवस अंथरुणाला खिळली तर इन्सुलिन कोण देणार? बहुतेक घरांत हा प्रश्न ऐकून सगळे आईच्याच तोंडाकडे बघतात. डिचोली तालुक्यातल्या या घरातही तसंच झालं होतं, आणि पुढे एका पावसाळ्यात तो प्रश्न खरोखरच दारात येऊन उभा राहिला. मधुमेह शिक्षिका म्हणून मी या कुटुंबासोबत सुरुवातीपासून आहे. हे प्रकरण लिहायला त्यांची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला घरी लाडाने बाय म्हणतात. गोव्यात अशा बाय घरोघरी आहेत, म्हणून तेच नाव इथे ठेवते.

घर पाच माणसांचं. वडील पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, हप्ते फेडता येईनात म्हणून ट्रक विकावा लागला, आणि मधली काही वर्षं मिळेल ते काम केल्यावर ते औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले. तिथे तीन पाळ्या. आई पतसंस्थेत कारकून होती. वडिलांची आई घरातच असते. तिला स्वतःला बरीच वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. बायचा दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा.

बाय तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. शाळा नुकतीच सुरू झाली होती. पाण्याची बाटली मधल्या सुट्टीच्या आतच संपायची, वर्गातून सारखं लघवीला जावं लागायचं. अंथरूण ओलं करणं कधीच सुटलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. घरच्यांना वाटलं पावसाळा आहे, नव्या वर्गाची धास्ती असेल. गणवेशाचा स्कर्ट कमरेत सैल झाला तेव्हा आजीने मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मग पोटदुखी आणि उलट्या. जवळच्या एका दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून उलटीचं औषध मिळालं. बोट टोचून शुगर कुणी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जोरजोरात, खोल श्वास घेऊ लागली, हाक मारली तरी डोळे नीट उघडेना. १०८ ने तिला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात नेलं. शुगर ४६८, लघवीत कीटोन भरपूर.

शरीरातलं इन्सुलिन जवळजवळ संपलं की साखर रक्तातच राहते, पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्तातलं आम्ल वाढत जातं. डॉक्टर याला डीकेए म्हणतात. खोल श्वास, पोटदुखी, उलट्या ही त्याचीच लक्षणं, आणि म्हणूनच ते पोटाच्या बिघाडासारखं दिसतं. उपचाराला उशीर झाला तर मूल दगावतं. मुलाला फार तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं होतंय, वजन उतरलंय, असं दिसलं तर त्याच दिवशी बोट टोचून शुगर बघावी. एक थेंब रक्त लागतं आणि मिनिटभर वेळ. ही चार लक्षणं प्रत्येक दवाखान्याच्या आणि शाळेच्या दारावर लिहिलेली असावीत असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांना ठाऊक असलेला दुसराच आजार

बाय घरी आली आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाकडे सल्ला होता, कारण गोव्यात मधुमेह कुणालाच नवा नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यातच होतं: २६.४ टक्के. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात एखादी मावशी, एखादे काका गोळ्या घेणारे. पण हा बहुतेक सगळा टाइप टू. त्यात शरीर इन्सुलिन तयार करतं, ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. गोळ्या, चालणं, खाण्यावर ताबा यांनी बराच फरक पडतो. बायच्या आजारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तिने काय खाल्लं, आईने गरोदरपणात काय खाल्लं, याचा त्याच्याशी संबंध नाही. इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, रोज, आयुष्यभर.

या दोन आजारांची गल्लत या घराला फार महाग पडली. भात बंद करा, पाव घेऊन पदेर आला तरी दार उघडू नका, कारल्याचा रस द्या, असं जो तो सांगत होता. आईने पहिले दोन महिने बायला भात जवळजवळ बंद केला होता. वाढतं मूल अर्धपोटी राहत होतं आणि दुपारी शुगर एकदम उतरत होती, कारण इन्सुलिन ठरलेलं आणि पोटात काहीच नाही. दादाचे लाडू, बिस्किटंही घरातून गेली. त्याबद्दल तो काही बोलला नाही. पुढे कळलं की तो मित्राच्या घरी जाऊन पेढे खायचा आणि घरी येताना तोंड धुऊन यायचा.

आजीच्या मनात वेगळंच होतं. एका भेटीत ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्याकडूनच आलं गो तिला. मला कधीपासून साखर आहे." तोवर ही गोष्ट ती कुणाशीच बोलली नव्हती. तिला समजावलं की तिचा आजार वेगळा, नातीचा वेगळा, नाव तेवढं एक. पटायला वेळ लागला. पण त्या दिवसापासून ती माझ्या भेटीच्या वेळी स्वयंपाकघरात न थांबता बाहेर येऊन बसू लागली. पुढे जे घडलं त्यात याचा उपयोग झाला.

निदानानंतर दोनेक महिन्यांत बायचा इन्सुलिनचा डोस उतरत गेला. दिवसाला १८ युनिट लागायचे, ते सातावर आले. याला हनिमून फेज म्हणतात. उपचार सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या पेशी काही काळ पुन्हा काम करू लागतात, कधी काही आठवडे, कधी वर्षभर. मग त्याही जातात. घरातल्यांना मात्र वाटलं, आजार बरा होतोय. नेमक्या त्याच वेळी एका काकांनी कुठलं तरी चूर्ण आणलं, "महिनाभरात सुई सुटेल" या खात्रीसह. काकांचं बायवर प्रेम आहे, यात शंका नाही. म्हणून मी त्यांनाही बसवून घेतलं आणि सांगितलं की १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरोंटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी या आजाराचं मूल फार दिवस जगत नसे. तेव्हाही चूर्णं होती, काढे होते, उपासाचे उपचार होते. इन्सुलिन थांबवलं तर बाय पुन्हा त्याच अतिदक्षता विभागात जाईल, आणि तेव्हा १०८ वेळेत पोचेल याची हमी नाही. चूर्ण कपाटात गेलं. वडिलांनी ते फेकून द्यायला आणखी बराच काळ घेतला, कारण आशा सोडवत नव्हती.

आईचं काम

शाळेने नाही म्हटलं नाही, पण जबाबदारीही घेतली नाही. "सुई आम्ही हाताळणार नाही, तुम्ही येऊन द्या." आई सुरुवातीला पतसंस्थेतून सुट्टी काढून जायची. मग बिनपगारी रजा, आणि शेवटी नोकरी सोडली. मधल्या सुट्टीच्या आधी ती शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसायची. माध्यान्ह आहारात पावभाजी असेल तर पाव किती, भाजीत बटाटा किती, हे बघून डोस ठरवायची. घरी आल्यावर पुन्हा तपासणी, संध्याकाळी खेळून आल्यावर पुन्हा, रात्री जेवणाआधी, झोपताना, आणि पहाटे तीनला गजर लावून पुन्हा एकदा. वडिलांना रात्रपाळी नसली तरी तीनला उठायची तीच.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये सगळ्या राज्यांच्या शिक्षण खात्यांना पत्र पाठवलं आहे. टाइप वन असलेल्या मुलांना शाळेत शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी खाऊ द्यावं, परीक्षेतसुद्धा, असं त्यात आहे. सीबीएसईने परीक्षेपुरत्या अशा सवलती २०१७ मध्येच दिल्या होत्या. या पत्राची प्रत मी आईच्या हाती दिली होती. ती मुख्याध्यापकांना दाखवायला तिला धीर होईना. "उगाच वाद नको, बायलाच त्रास होईल" म्हणाली. हा संकोच मी अनेक घरांत पाहते. मूल शाळेच्या ताब्यात असतं, म्हणून आईबाप तिथे आवाज चढवत नाहीत.

तीन वर्षं हे असं चाललं. बाहेरून बघणाऱ्याला हे आदर्श घर वाटलं असतं. शुगरच्या नोंदींची वही नीट भरलेली, इन्सुलिन कधी चुकलं नाही, तपासणीची तारीख कधी टळली नाही. तरी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ९.६ वर गेली. उद्दिष्ट असतं ७ च्या खाली. वहीतले आकडे आणि ९.६ यांचा मेळ बसत नव्हता.

बाय आता दहाची, वजन २७ किलो. वही तीच लिहायची, तिला हौस होती. मी ग्लुकोमीटर मागून घेतला आणि त्याच्या आठवणीतले आकडे मागे मागे बघत गेले. मंगळवारी संध्याकाळी वहीत १३१, मीटरमध्ये २८७. बुधवारी वहीत १२६, मीटरमध्ये ३०४. शनिवारी वहीत १४०, मीटरमध्ये नोंदच नाही. बाय समोर बसून माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण उघडत होती, लावत होती. आई काही बोलणार तेवढ्यात मी तिला हाताने थांबवलं आणि बायला विचारलं, खरा आकडा लिहिला तर काय होतं?

ती म्हणाली, "आई जेवत नाही."

आईने हे ऐकून रडायला सुरुवात केली, पण ते खरं होतं. शुगर तीनशेला गेली की तिचा घास अडायचा, ती ताट बाजूला सारायची. बायला कुणी रागावत नव्हतं, मारत नव्हतं. दहा वर्षांच्या मुलीने आपल्या आईला जेवता यावं म्हणून आकडे बदलले होते. अशी खोटी वही मोठ्या मुलांच्या घरात बऱ्याचदा सापडते आणि तिच्यावरून घरात भांडणं होतात. माझ्या मते ती शिस्तीची बाब क्वचितच असते. मूल त्या घरातल्या माणसांना सांभाळत असतं.

त्या दिवशी मी फक्त दोन गोष्टी मागितल्या. शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न "किती आली?" हा नसावा. आणि आकडा काहीही आला तरी ताटावरून कुणी उठायचं नाही. वडील तेव्हा कामावर होते. एवढ्या मोठ्या गोष्टीत ते खोलीतही नाहीत, हे मला खटकलं, आणि पुढची भेट त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवायचं ठरवलं. ती भेट व्हायच्या आधीच आईला डेंगी झाला.

चार दिवस

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिन्यावर आली होती. ताप उतरेना, प्लेटलेट घसरल्या, आईला भरती करावं लागलं. जाताना तिने नवऱ्याला दहा मिनिटांत सगळं सांगितलं. वडिलांना इन्सुलिनचं पेन दाबता येत होतं. डोस कसा ठरतो ते माहीत नव्हतं. रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन त्यांनी बरोबर दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधीच्या पेनातलं काडतूस संपलं. नवं काडतूस फ्रिजच्या दारात, कोकमाच्या आगळाच्या बाटलीमागे होतं. ते फक्त आईला ठाऊक होतं आणि तिला ग्लानी होती.

घरात आरोग्य केंद्रातून मिळालेली साध्या इन्सुलिनची बाटली होती, अडीअडचणीसाठी ठेवलेली. सिरिंज सापडेना, म्हणून वडिलांनी धावत जाऊन मेडिकलमधून आणली. जेवणाला चार युनिट सांगितले होते. त्यांनी नीट उजेडात धरून चारच्या रेघेपर्यंत भरलं आणि टोचलं. रात्री तीनच्या रेघेपर्यंत. सकाळी सहाला मला फोन आला. "मॅडम, मी मोजून चार दिलं होतं. तरी शुगर ३८० आहे, आणि ती पट्टी रंग बदलतेय." कीटोन येऊ लागले होते.

मी बाटली आणि सिरिंज दोन्हींचे फोटो मागवले. बाटलीवर ४० आययू लिहिलं होतं, सिरिंजची टोपी केशरी. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिला लाल टोपीची सिरिंज लागते. केशरी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने चारच्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात १.६ युनिट. बायला दुपारी आणि रात्री मिळून अर्ध्याहूनही कमी इन्सुलिन मिळालं होतं. उलट चूक झाली असती, म्हणजे १०० च्या बाटलीला ४० ची सिरिंज, तर अडीचपट इन्सुलिन जाऊन ती बेशुद्ध पडू शकली असती. ज्या घरात बाटली आणि पेन दोन्ही आहेत त्या घराने आज उठून आपली सिरिंज तपासावी, एवढी विनंती मी इथे करते.

बायच्या डॉक्टरांनी फोनवर जादा डोस सांगितला, दर दोन-तीन तासांनी तपासायला लावलं, भरपूर पाणी पाजायला सांगितलं, आणि उलटी झाली किंवा श्वास वाढला तर थेट बांबोळी गाठायची असं बजावलं. संध्याकाळपर्यंत कीटोन गेले. या सगळ्यात आजी न सांगता एक काम करत होती: कागदावर वेळ आणि आकडा लिहीत होती. आईला घरी सोडलं त्या दिवशी तो कागद तिने सुनेच्या हातात दिला.

या प्रसंगाचा अर्थ घरात दोन तऱ्हांनी लावता आला असता. आईने पहिला लावला: "म्हणूनच मी कुणावर सोडत नाही." वडील मान खाली घालून बसले होते. मी त्या दोघांनाही तेव्हा जे बोलले ते आजही बोलेन. वडिलांचा निष्काळजीपणा यात कुठेच नव्हता. उजेडात धरून मोजणारा माणूस निष्काळजी नसतो. तीन वर्षांत त्यांना कुणी दोन टोप्यांचे रंग दाखवले नव्हते, कारण घरातल्या सगळ्यांनी, दवाखान्यानेसुद्धा, ही आईची बाब मानली होती. प्रत्येक वेळी समुपदेशनाला आईलाच आत बोलावलं जायचं आणि वडील बाहेर फाइल धरून उभे.

शिकणं

वडिलांना सुईची भीती होती, हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं. पावसात खाणीच्या घसरड्या रस्त्यावरून भरलेला ट्रक उतरवणाऱ्या माणसाचा हात चार मिलिमीटरच्या सुईसमोर थरथरत होता. मी त्यांना रिकामी सुई स्वतःच्या पोटाला लावायला सांगितली. त्यांनी डोळे मिटले, टोचली, आणि मग बायकोकडे बघून म्हणाले, "अगं, हे लागत नाही की!" बाय हसून म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय पप्पा."

पुढच्या भेटीत एक गोष्ट पुढे आली, जी आम्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती. बायला डावी मांडी सोयीची वाटायची, म्हणून आई बहुतेक वेळा तिथेच टोचायची. वडिलांनी टोचण्याआधी बोटाने चाचपलं आणि विचारलं, "ही गाठ कसली?" त्वचेखाली सुपारीएवढा मऊ उंचवटा होता. एकाच जागी सारखं इन्सुलिन टोचत राहिलं की तिथली चरबी वाढते आणि त्यातून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी अडकून राहतं. वहीतले अकारण चढउतार त्यामुळेही होते. रोज हात लावणाऱ्या आईला ती गाठ सवयीची झाली होती, नव्या हाताला ती लगेच लागली. डाव्या मांडीला पूर्ण विश्रांती दिली, पोट, उजवी मांडी, कुल्हे अशी जागा फिरवायला घेतली. डॉक्टरांनी डोस आधीच थोडा कमी केला, कारण चांगल्या जागी तेच इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि शुगर उतरते.

रात्रीच्या तपासणीची वाटणी कागदावर सोपी होती. वडिलांची दिवसपाळी किंवा दुपारपाळी असलेल्या आठवड्यात पहाटे तीनला ते उठतील, रात्रपाळीच्या आठवड्यात आई. खरी अडचण वेगळी निघाली: वडील उठले की आई जागी व्हायचीच, आणि अंथरुणातूनच विचारायची, किती? मग तिला आजीच्या खोलीत झोपायला पाठवलं. पहिल्या काही रात्री ती तिथे टक्क जागी होती. नंतर झोपू लागली. हे एक वाक्य लिहिताना मला बरं वाटतं, कारण तीन वर्षं न झोपलेल्या माणसाकडून शहाणपणाच्या निर्णयांची अपेक्षा आपण कशी करत होतो, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

आजीने सुई घ्यायला नकार दिला आणि मी आग्रह केला नाही. ती बोट टोचून शुगर बघायला शिकली, आणि शुगर ७० च्या खाली गेली तर काय करायचं हे तिच्याकडे आलं. ग्लुकोज पावडरचे दोन सपाट छोटे चमचे पाण्यात, बायच्या वजनाला तेवढे पुरतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा किंवा चॉकलेट द्यायचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८. आजीने हे सगळं मला दोनदा म्हणून दाखवलं.

भाताचं गणित तिच्यामुळेच सुटलं. या घरात उकड्या तांदळाचा भात, आणि वाढायची वाटी आजीचीच, कायम तीच. आम्ही ती भरून वजन केलं: शिजलेला भात १५० ग्रॅम, म्हणजे साधारण ४२ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं). बायचं प्रमाण वीस ग्रॅमला एक युनिट. तेव्हापासून भात "एक वाटी" किंवा "पाऊण वाटी" असा मोजला जातो आणि कुणालाही डोस काढता येतो. पेज वेगळी मोजावी लागते. बायच्या वहीत पेजेनंतर शुगर भराभर चढलेली दिसते, म्हणून ती आजारपणात किंवा शुगर कमी असतानाच.

त्या वर्षी चवथीला सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी वडील स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊन गेले. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली, नेवऱ्या (करंज्या) तळून झाल्या, आणि सगळ्या चुलतभावंडांसमोर त्यांनी एक नेवरी काट्यावर ठेवली. सारण गुळाचं, तिचे वीसेक ग्रॅम कार्ब धरले. वाटीभर भात आणि एक नेवरी, तीन युनिट, जेवणाआधी पंधरा मिनिटं. गोड जेवणाबरोबरच खायचं, मधल्या वेळी हात मारायचा नाही, एवढीच अट. दोन तासांनी १७२. काकांनी तो आकडा स्वतः मीटरवर वाचला. संध्याकाळी त्यांनी वडिलांना विचारलं, मला शिकवशील का?

शाळेत वडील गेले. बालहक्क आयोगाचं ते पत्र आणि डॉक्टरांचं लेखी सांगणं त्यांनी मुख्याध्यापकांपुढे ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, सुई तुम्ही द्यायची नाही, बाय स्वतः पेन दाबेल, टीचरने फक्त आकडा आणि युनिट डोळ्यांनी बघायचे. वर्गशिक्षिकेने होकार दिला. १४ नोव्हेंबरला बालदिन असतो आणि जागतिक मधुमेह दिनही. त्या दिवशी टीचरने वर्गाला बायचा मीटर दाखवला, बायने स्वतः समजावून सांगितलं. मुलांचा एकच प्रश्न होता: दुखतं का?

एक धोका मात्र मी पालकांना सांगून ठेवला आहे. बाय हुशार आहे, पेन दाबते, हिशेब करते, म्हणून "आता तीच बघते" असं म्हणायचा मोह होईल. नऊ-दहा वर्षांचं मूल सुई टोचू शकतं. निर्णयाची जबाबदारी पेलू शकत नाही. लवकरच वयात येण्याची वर्षं सुरू होतील, तेव्हा इन्सुलिनची गरज वाढते आणि कंटाळाही. त्या वेळी मोठ्यांनी मागे सरकणं सर्वांत घातक असतं.

दादाने बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं. मलाही होईल का, असं त्याने वडिलांना विचारलं. भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी शंभरांत साधारण पाच. त्याला हा आकडा सांगितला, लक्षणं सांगितली. लाडूंचा डबा पुन्हा फळीवर आला.

शेवटचं एचबीए१सी ८.२. उद्दिष्टापासून अजून दूर, पण वहीतला आणि मीटरमधला आकडा आता एकच आहे. दंडावर लावायचे, शुगर सतत मोजणारे सेन्सर या घराला कायम परवडत नाहीत. एक चौदा दिवस टिकतो, म्हणजे महिन्याला दोन. तपासणीच्या आधी एखादा लावतात, बाकी काम स्ट्रिपवर. आई पतसंस्थेत अर्धा दिवस परत जाऊ लागली आहे. पहाटेचं उठणं रात्रपाळीच्या आठवड्यात अजून तिच्यावरच आहे. काका जवळच राहतात, त्यांना महिन्यातून एखादी रात्र देता येईल का, हे ठरायचं आहे. जूनमध्ये बायची वर्गशिक्षिका बदलेल. नव्या टीचरला शिकवण्यासाठी वडिलांनी शाळेकडून वेळ मागून घेतली आहे, आणि मला येण्याची गरज नाही असं कळवलं आहे.